आगमनकाळ: प्रार्थना आणि मनाची तयारी, दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर संपत आला की वाड्यावरची प्रार्थना झाल्यावर, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात, आणि आता फोनवर पण, तेच तेच प्रश्न येतात. बेळगाव कॅम्प, शहापूर, खानापूर, नंदगड, लोंढा, रामनगर, सगळीकडच्या बायका-माणसांना तेच पडलेलं असतंय. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. यातलं जे कॅथलिक चर्चचं शिक्षण आहे ते चर्चचं, आणि जिथं मी माझं मत सांगितलंय तिथं तसं म्हटलंय. तुमच्या पॅरिशमधी (चर्चच्या हद्दीत) फादरनी काही वेगळं सांगितलं असलं तर त्यांचं ऐका.

आगमनकाळ म्हणजे काय, आणि दरवर्षी तारीख का बदलते?

नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस म्हणजे आगमनकाळ. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतोय, त्याच्या सगळ्यात जवळचा जो रविवार तो पहिला. म्हणजे सुरुवात २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यातल्या कुठल्याही दिवशी होते आणि आगमनकाळ २२ ते २८ दिवसांचा भरतो. २०२६ ला पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतोय, २०२७ ला २८ नोव्हेंबरला. २०२३ ला ३ डिसेंबरला सुरू झाला होता, तेव्हा चौथा रविवार नेमका २४ तारखेलाच आला, सकाळी आगमनकाळाची मिस्सा आणि रात्री नाताळची, खूप जणांचा गोंधळ झाला.

आणि एक, चर्चचं नवीन वर्ष याच रविवारी सुरू होतं. त्या दिवशी वाचनांचं चक्र पण बदलतं, एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक. २०२६ च्या आगमनकाळापासनं मार्कचं वर्ष लागतंय.

नाताळची तयारी आम्ही करतोच की, रंग काढतो, फराळ करतो, गोठा (येशूच्या जन्माचा देखावा) बांधतो. मग ही वेगळी तयारी कसली?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या रविवारचं शुभवर्तमान ऐकून बघा, कुठल्याही वर्षी, त्यात बाळ येशू नसतोच. जागे राहा, घराचा धनी कधी येईल ते तुम्हाला माहीत नाही, असं येशू मोठेपणी शिष्यांना सांगतो ते असतंय. म्हणजे चर्च सुरुवातच ख्रिस्त परत येणार आहे तिथनं करते. १६ डिसेंबरपर्यंत हाच सूर जास्त असतो, शेवटी येणारा ख्रिस्त, आणि मग १७ ते २४ हे आठ दिवस बेथलेहेमकडे वळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, चौथ्या रविवारी मरिया आणि योसेफ. एकदा आला त्याची आठवण, परत येणार आहे त्याची वाट, आणि मधल्या काळात रोज आपल्या दारात येतोय त्याला ओळखणं, हे तिन्ही एका महिन्यात आहे.

आता आपल्याकडं काय होतं, १ डिसेंबरला चांदणी (ताऱ्याचा कागदी कंदील) लागते, १० तारखेला कॅरल (नाताळची गाणी) सुरू, १५ ला शाळेत नाताळचा प्रोग्रॅम, आणि २५ ला दुपारी जेवून झोपलं की नाताळ संपला. वाट बघायची जागाच राहत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की घराची तयारी चालू दे, त्याच्या जोडीला रोज थोडा वेळ असा ठेवा ज्याच्यात काही करायचं नाही, फक्त देवाची वाट बघत बसायचं. बाकी खालचे सगळे प्रश्न यातनंच निघतात.

वेळ कुठनं काढायचा? भात घरात यायचंय, मळणी आहे, नवरा उद्यमबागेत शिफ्टला, पोरांची परीक्षा.

खरं आहे. आपल्या भागात आगमनकाळ आणि सुगी एकत्रच येते, खानापूरकडं तर कापणी, मळणी, ऊस तोडणी सगळं याच दिवसांत. म्हणून मी कुणाला तासभर बसा म्हणून सांगत नाही. तीन गोष्टी सांगते, त्यातली एक जमली तरी पुरे.

पहिली म्हणजे आंजेलुस. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन वेळा म्हणायची प्रार्थना, दोन-तीन मिनिटं लागतात. देवदूत मरियेकडं आला आणि ती हो म्हणाली, लूकच्या पहिल्या अध्यायातला तोच प्रसंग त्यात आहे, म्हणजे यापेक्षा आगमनकाळाची प्रार्थना दुसरी कुठली? घंटा ऐकू आली की विळा खाली ठेवायचा, मशीनवर असाल तर मनातच म्हणायची. चर्च लांब असलं, घंटा ऐकू येत नसली तर मोबाईलवर अलार्म लावा.

दुसरी, सकाळी नळाला पाणी यायच्या आधीची, चूल किंवा गॅस पेटवायच्या आधीची पंधरा मिनिटं. त्या वेळी कोण काही मागत नसतंय. डिसेंबरात थंडी असते, शाल घेऊन बसा, चहा नंतर.

तिसरी, ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी रात्री झोपताना दिवस मागं फिरून बघायचा. आज देव कुठं भेटला, कुणाच्या रूपानं आला आणि मी त्याला दार लावलं काय, उद्या काय वेगळं करू. संत इग्नासनं शिकवलेली पद्धत आहे ही, आणि नाईट ड्युटी करणाऱ्या नर्स पोरींना ती बरी पडते असं त्याच सांगतात.

बसलं तरी मन भरकटतं. प्रार्थनेत नक्की करायचं काय?

मन भरकटणारच, त्यासाठी प्रार्थना सोडायची नाही. मी ज्या क्रमानं सांगते तो फार जुना आहे, मठातले साधू शेकडो वर्षं असंच करत आलेत.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, हे आधी. मग मेणबत्ती किंवा दिवा लावा, क्रूस करा, आणि पवित्र आत्म्याला बोलवा, स्वतःच्या शब्दात. बायबलमधल्या आठ-दहा ओळी घ्या, जास्त नको. एकदा हळू वाचा, मोठ्यानं वाचलं तरी चालेल. दुसऱ्यांदा वाचताना एखादा शब्द, एखादी ओळ मनाला लागते, तिथं थांबा, पुढं जायची घाई नको. ती ओळ आपल्या आजच्या दिवसाला काय म्हणतेय ते बघा. मग त्यावर देवाशी बोला, तक्रार असली तरी बोला, स्तोत्रांत केवढ्या तक्रारी आहेत. आणि शेवटची काही मिनिटं गप्प बसा. हे गप्प बसणंच अवघड जातं, कारण आपल्याला लहानपणापासनं म्हणायची प्रार्थना शिकवलेली असते, ऐकायची कमी.

लूकचं शुभवर्तमान उघडलं की पहिला माणूस भेटतो तो जखऱ्या, म्हातारा याजक, मंदिरात धूप जाळायला गेलेला, आणि देवदूताचं खरं वाटलं नाही म्हणून त्याची वाचाच गेली. पोरगं जन्मून त्याचं नाव योहान ठेवेपर्यंत तो मुका होता. एवढे महिने बोलता न आलेल्या माणसाच्या तोंडून नंतर पहिल्यांदा काय निघालं तर देवाची स्तुती. सगळ्या आगमनकाळात मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो, पहिल्या आठवड्यात एकदा तरी यावर बसा.

दुसरी पद्धत प्रसंगात जाऊन उभं राहायची. म्हणजे मरिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ भागात निघालीय, तुम्ही तिच्याबरोबर चालताय, रस्ता कसला आहे, थंडी आहे काय, ती काय बोलतेय. जांबोटी-कणकुंबीचा घाट ज्यांनी चालत काढलाय त्यांना हे सांगायलाच नको. इग्नासच्या साधनेत जन्माच्या प्रसंगासाठी असंच सांगितलंय, की गोठ्यात एक गरीब चाकर होऊन उभा राहा, त्यांना काय हवं-नको ते बघ.

वाचायचं काय काय? यादी द्या.

रोजच्या मिस्साची वाचनं ज्यांच्याकडं आहेत त्यांनी तीच घ्या, कारण सगळं चर्च त्या दिवशी तेच वाचत असतं. आगमनकाळात यशया सारखा येतो. ज्यांना घरीच वाचायचंय त्यांनी यशयाचा २, ९, ११, ३५ आणि ४० हे अध्याय तरी वाचा.

दुसरी सोपी गोष्ट, लूकचे अध्याय २४ आहेत, १ डिसेंबरला पहिला वाचायला घेतला तर २४ तारखेला शेवटचा येतो. रोज एक. जेवण झाल्यावर पोरांना आळीपाळीनं वाचायला लावा.

आणि मराठी माणसानं एक माहीत करून घ्यावं, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ ला गोव्यात रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, जवळजवळ ११ हजार ओव्या. त्याचा पहिला भाग सगळा जुन्या कराराचा आहे, म्हणजे तारणारा यायच्या आधीची कथा, लोक कशी वाट बघत होते ती. भाषा जुनी आहे, पण ज्या आज्ज्यांना पोथी ऐकायची सवय होती त्यांना अडत नाही असं मी बघितलंय. सगळं वाचायला नको, थोड्या ओव्या मोठ्यानं म्हणून बघा.

घरात मराठी, पोरं शाळेत कन्नड-इंग्लिश, मिस्सा कधी कोकणीत. प्रार्थना कुठल्या भाषेत करायची?

ज्या भाषेत तुम्ही रडता त्या भाषेत. बाकी, आपल्या भागात एकाच चर्चमधी दोन-तीन भाषांच्या मिस्सा असतात आणि त्यावरनं कुरबुरी पण होतात, माझी विनंती आहे की निदान या चार आठवड्यांत ती कुरबूर बाजूला ठेवा. कधीतरी मुद्दाम शेजारच्या भाषेच्या मिस्साला जाऊन बसा. कोकणीतली गाणी कळत नसली तरी बरोबर म्हणता येतात, आणि कन्नड बोलणारी आपलीच बहीण-भावंडं आहेत. घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना एक दशक (दहा मण्यांचा भाग) मराठीत, एक कोकणीत, पोरांना येत असेल तर एक कन्नडमधी, असं करणारी घरं आहेत आणि ते मला फार आवडतं.

चार मेणबत्त्यांचं चक्र घरी करावं काय? सामान कुठं मिळणार?

करा. ही रीत आपल्याकडची नाही, जर्मनीतली आहे, हॅम्बुर्गला योहान विखर्न नावाच्या लुथरन पाळकानं १८३९ ला अनाथ पोरांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, पोरं सारखी विचारायची नाताळ कधी येणार म्हणून, रोज एक लहान आणि रविवारी एक मोठी. नंतर चारच राहिल्या आणि कॅथलिकांनी पण ती घेतली. आपण घेतली तर काय बिघडत नाही.

तीन जांभळ्या, एक गुलाबी. रंगीत मेणबत्त्या मिळाल्या नाहीत तर पांढऱ्याच घ्या आणि खाली रिबन बांधा. हिरव्यासाठी सुरूच्या डहाळ्या, क्रोटन, आंब्याची पानं, काहीही, पाटावर गोल मांडायचं. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला गुलाबीसकट तीन, चौथ्याला चारही. पेटवताना घरातला सगळ्यात लहान पेटवेल आणि मोठा कुणीतरी बायबलमधलं वाचेल, एक गाणं, "आमच्या बापा" ही प्रार्थना, बास. पानं दहा दिवसांत वाळतात तर बदलत चला आणि पडद्याजवळ ठेवू नका, मेणबत्ती पेटती ठेवून कुणी झोपू नका.

जांभळा रंग का? आणि एका रविवारी फादर गुलाबी झगा का घालतात?

जांभळा पश्चात्तापाचा आणि तयारीचा. तिसरा रविवार आनंदाचा मानतात, प्रभूमध्ये सदा आनंद करा हे पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं त्या दिवशीचं, म्हणून गुलाबी. ज्या पॅरिशमधी गुलाबी झगा नसतो तिथं जांभळाच घालतात. रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवलेलं असतं, देवदूतांचंच गाणं ना ते. आलेलुया मात्र चालू असतंय, तो फक्त ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बंद.

आगमनकाळात उपास असतो काय? मटण-मासे चालतात काय?

आपल्या लॅटिन रीतीत आगमनकाळाचा म्हणून सक्तीचा उपास आता नाही. शुक्रवारी काहीतरी सोडायचा नियम बाराही महिने आहेच. पूर्वी युरोपात संत मार्टिनच्या सणापासनं, म्हणजे ११ नोव्हेंबरनंतर, नाताळपर्यंत उपास करायचे, आणि केरळचे सिरो-मलबार ख्रिस्ती लोक आज पण १ ते २४ डिसेंबर मांस-मासे सोडतात, तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर विचारून बघा.

माझं मत विचाराल तर एक गोष्ट सोडा आणि तिचे पैसे बाजूला काढा. बुधवारचं आणि शुक्रवारचं मटण-मासे, संध्याकाळचं बाहेरचं खाणं, दारू, काहीही. दारूचं मी मुद्दाम म्हणते, कारण आपल्या कितीतरी घरांत नाताळ दारूनं नासतो आणि त्याची सुरुवात डिसेंबरातच होते, बायका-पोरं गप्प बसून सोसतात. चार आठवडे थेंब नको असं ठरवून पाळणारा माणूस घरात असला तर त्या घराला यापेक्षा मोठी भेट नाही. एकट्याला जमत नसेल तर फादरना सांगा, डॉक्टरला दाखवा, त्यात लाज नाही.

गरोदर, शुगरचे पेशंट, म्हातारी माणसं, अंगमेहनतीचं काम करणारी, यांनी जेवण तोडायचं नाही.

शेजारी मार्गशीर्षातले गुरुवार करतात, सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जातात. त्या विचारतात, तुमचं पण काही व्रत असतंय काय? काय सांगू?

सरळ सांगा, होय, आमचे पण चार आठवडे आहेत, आम्ही येशूच्या जन्माची आणि परत येण्याची वाट बघतोय, प्रार्थना करतोय. एवढं साधं सांगितलं की त्यांना लगेच कळतं, कारण व्रत, नेम, सोडणं, धरणं हे त्यांच्या घरात पण आहे. वाद घालायला नको. देवाकडं काही मागणं असलं तर सांगा, मी प्रार्थनेत तुमचं नाव घेते, असं म्हणा आणि खरंच घ्या. त्यांच्याकडनं प्रसाद किंवा वाण आलं, हळदीकुंकवाचं बोलावणं आलं तर काय करायचं याबद्दल आपल्यातच वेगवेगळी मतं आहेत, ते फादरशी बोलून ठरवा, पण जे काही कराल ते समोरच्या बाईचा मान राखून.

३ डिसेंबरला जुन्या गोव्याला जातो, ८ ला सायबिणीचं (मरियेचं) फेस्त. हे आगमनकाळात कसं बसतं?

छान बसतं. संत फ्रान्सिस झेवियरचा नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) २४ नोव्हेंबरला सुरू होतो आणि फेस्त ३ डिसेंबरला, म्हणजे आगमनकाळाच्या तोंडावरच. झेवियर १५५२ ला ३ डिसेंबरला वारले ते चीनच्या किनाऱ्यासमोरच्या सांचियान बेटावर, आत न्यायला होडी येईल म्हणून वाट बघत असताना, होडी आलीच नाही. गोव्याला जाताना गाडीत गाणी-गप्पा होऊ देत, पण रामनगर सुटल्यावर घाट उतरताना थोडा वेळ या माणसाच्या त्या शेवटच्या दिवसांवर गप्प राहून विचार करा. आणि रांगेत उभं राहताना धक्काबुक्की नको.

८ डिसेंबरबद्दल एक गैरसमज खूप आहे, लोकांना वाटतं मरियेच्या पोटात येशू राहिला तो दिवस. तसं नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात राहिली ती पापाच्या डागाशिवाय, त्याचा हा सण, म्हणून नऊ महिन्यांनी ८ सप्टेंबरला तिचा वाढदिवस, आपलं मोंती फेस्त. देवानं तिला किती आधीपासनं तयार केलं हे बघायचा हा दिवस.

कुमसार (फादरपुढं पापं कबूल करणं) करायलाच पाहिजे काय? वर्षं झालीत, भीती वाटते.

गंभीर पाप असेल तर वर्षातनं एकदा तरी, असा चर्चचा नियम आहे. पण नियम म्हणून जाऊ नका. आगमनकाळात बऱ्याच पॅरिशमधी एक संध्याकाळ प्रायश्चित्ताची ठेवतात, बाहेरनं दोन-चार फादर येतात, ज्यांना आपल्या फादरसमोर लाज वाटते त्यांनी त्यांच्याकडं जावं. वर्षं झाली असतील तर बसल्याबसल्या तेच सांगा, फादर, मला आता कसं करायचं आठवत नाही. ते हात धरून नेतात. शब्द चुकले म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत.

आदल्या रात्री तयारी करा. नुसतं खोटं बोललो, राग आला, एवढ्यावर थांबू नका. भावाशी जमिनीच्या वाटणीवरनं किती वर्षं बोलणं बंद आहे? सुनेला किंवा सासूला कसं बोलते? कामवालीचे, गड्याचे पैसे वेळेवर देते काय? व्हॉट्सअपवर कुणाच्या पोरीबद्दल काय पसरवलं? चर्च कमिटीच्या भांडणात मी काय बोललो? आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याला नाताळच्या आधी एक फोन. तो उचलेल, न उचलेल, तुम्ही लावा.

लहान पोरांना यातलं काय कळणार?

पोरांना मोठ्यांपेक्षा जास्त कळतं. रिकामी गव्हाण पहिल्या रविवारीच मांडून ठेवा, शेजारी भाताचं पिंजर. पोरानं एखादं चांगलं काम केलं, आज्जीला पाणी दिलं, बहिणीशी भांडलं नाही, की एक काडी गव्हाणीत. बाळ येशूला मऊ लागावं म्हणून. २४ पर्यंत गव्हाण भरते. मोठ्यांनी पण काड्या टाकायच्या, पोरं हिशेब ठेवतात. बाळाची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीच, तोपर्यंत कपाटात. गोठ्याची सुरुवात संत फ्रान्सिस असिसीकरनं १२२३ ला ग्रेच्चो गावात केली, खरा बैल, खरं गाढव आणि गवत, हे पोरांना सांगा, त्यांना जाम आवडतं.

मग चांदणी, कुलकुल (नाताळचा गोड फराळ), कॅरल हे सगळं २४ पर्यंत बंद ठेवायचं?

नाही ओ, एवढं कडक कोण पाळणार आणि कशाला. चांदणी बनवा, बांबूच्या काड्या आणि कागदाची घरी बनवली तर जास्त चांगलं. माझ्या मते लाइटिंग १७ नंतर लावावं, पण शेजारी सगळे लावतात आणि पोरं हट्ट करतात तर मी भांडत बसणार नाही.

कुलकुल-नेवऱ्यांचं तर उलट सांगते. चार घरच्या बायका एकत्र बसतात, फणीवर किंवा काट्याच्या चमच्यावर कुलकुल वळत तास-दोन तास जातात, त्या वेळी हात गुंतलेले आणि तोंड मोकळं असतंय. टीव्ही बंद करून तेर्स म्हणा. त्यातली आनंदाची रहस्यं (मनन करायचे प्रसंग) घ्या, पहिली तीन तर आगमनकाळ आणि नाताळच आहेत, देवदूताचा निरोप, एलिझाबेथची भेट, येशूचा जन्म. मग गप्पा मारा हव्या तेवढ्या. आणि पहिला डबा भरला की तो आपल्या घरी ठेवू नका, ज्या घरात यंदा करणारं कोण नाही तिथं पाठवा.

कॅरलवाले घरी आले की पैसे देऊन लगेच वाटेला लावू नका. पाच मिनिटं बसवा, घरातल्या आजारी माणसाजवळ एक गाणं म्हणायला सांगा.

यंदा घरात मयत झालंय. नाताळ करणार नाही. आगमनकाळ पाळावा काय?

जरूर पाळा, आणि मी म्हणेन की यंदा तुमच्याइतका तो दुसऱ्या कुणाचा नाही.

आपल्याकडं वर्षभर सण करत नाहीत, चांदणी लागत नाही, फराळ होत नाही, ते ठीक आहे, कुणी तुम्हाला आनंद दाखवा म्हणून जबरदस्ती करू नये. पण आगमनकाळ म्हणजे सणच नव्हे मुळात. तो अंधारात बसलेल्या लोकांचा काळ आहे. यशयाचा चाळिसावा अध्याय हद्दपार झालेल्या, घरदार गेलेल्या लोकांना सांगितलेला आहे, माझ्या लोकांचं सांत्वन करा म्हणून. पस्तिसावा अध्याय गळालेल्या हातांना आणि लटपटणाऱ्या गुडघ्यांना बोलतो. हे वाचताना रडू आलं तर येऊ दे, ती प्रार्थनाच आहे.

आणि पहिल्या दोन आठवड्यांत चर्च जे म्हणतं, ख्रिस्त परत येणार, मेलेले उठणार, ते बाकीच्यांना लांबचं वाटतं, तुम्हाला नाही वाटणार. गेलेल्या माणसाला परत भेटायची आशा त्याच वाक्यात आहे. संध्याकाळी चक्रावरची मेणबत्ती लावाल तेव्हा त्या माणसाचं नाव घ्या. एखादी मिस्सा त्याच्या नावानं सांगा. पोरं लहान असतील तर गोठा मांडू द्या त्यांना, लाइट-बिट नको, साधा. आणि शेजाऱ्यांनो, अशा घरी २५ तारखेला जाऊन बसा, जेवण घेऊन जा, "यांचं यंदा नाही" म्हणून टाळू नका.

पोरगा जहाजावर, पोरगी बेंगळुरूला. एकत्र कसं करणार?

वेळ ठरवा. रविवारी रात्री अमुक वाजता तिकडं तो एक मेणबत्ती लावेल, इकडं तुम्ही. व्हिडिओ कॉल लागला तर एकत्र म्हणा, समुद्रात रेंज नसेल तर तसंच म्हणा, आपल्याच वेळेला. आठवड्याचं एकच वाचन दोघांनी घ्यायचं, मग फोनवर पगार, जेवण, हवा यांच्या पलीकडं बोलायला काहीतरी राहतं.

दानधर्माचं काय? कुणाला द्यावं?

लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक योहानाला हेच विचारतात, आम्ही काय करू? त्याची उत्तरं बघा किती सरळ आहेत. दोन अंगरखे असतील तर एक नसलेल्याला द्या, जेवणाचं पण तसंच. जकातदारांना, ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना, कुणाला लुबाडू नका, पगारावर समाधान माना. म्हणजे ज्याचा जो धंदा त्याच्यातच बदल करा.

आपल्याकडं डिसेंबरात ऊस तोडायला आलेली माणसं शेताच्या कडेला पाल टाकून राहतात, पोरं उघड्यावर, थंडी वाजतेय. घरातली जुनी नाही, चांगली चादर, ब्लँकेट, पोरांचं स्वेटर धुऊन न्या. दुकान असेल तर वजन नीट करा. कुणाला व्याजानं दिले असतील तर या महिन्यात तगादा नको. डबा टाकून पैसे जमवले असतील तर वाड्यातलं पोरगं फीसाठी अडलंय काय ते आधी बघा, आणि देताना फोटो काढू नका.

आम्ही मेथडिस्ट आहोत, आमच्यात हे असतंय काय?

असतंय. मेथडिस्ट, सीएसआय (दक्षिण भारताचं चर्च), सीएनआय (उत्तर भारताचं चर्च), लुथरन सगळ्यांच्या कॅलेंडरात आगमनाचे चार रविवार आहेत. बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० ला सुरू झालं आणि ते पुढं मेथडिस्टांकडं आलं, म्हणजे आपल्या गावात ही तुमची परंपरा पण जुनीच. काही नवीन मंडळ्या पाळत नाहीत. वर लिहिलेली यशया आणि लूकची वाचनं कुणालाही चालतील.

निम्मा डिसेंबर गेला, काहीच केलेलं नाही. आता सुरू करून उपयोग काय?

आहे की, सगळ्यात दाट दिवस तर आता येतायत. १७ तारखेपासनं २३ पर्यंत चर्च संध्याकाळच्या प्रार्थनेत, मरियेच्या स्तुतिगीताच्या आधी, रोज येशूला एका वेगळ्या नावानं हाक मारतं. १७ ला परमज्ञान, १८ ला इस्राएलचा प्रभू, १९ ला इशायाचं (दाविदाच्या बापाचं) मूळ, २० ला दाविदाची किल्ली, २१ ला उगवता प्रकाश, २२ ला राष्ट्रांचा राजा, २३ ला इम्मानुएल. हजार वर्षांपेक्षा जुनी आहे ही रीत. रोज संध्याकाळी ते एक नाव घ्या, "ये" म्हणा, आणि लूक १ मधलं मरियेचं गीत, ४६ ते ५५ या ओळी, मोठ्यानं वाचा. पाच मिनिटं लागतात. २१ तारखेचं नाव सकाळी सूर्य उगवताना अंगणात उभं राहून घेतलं तरी चालतंय. २४ ला दिवसा जखऱ्याचं गीत, ६८ ते ७९, आणि संध्याकाळपर्यंत स्वयंपाक उरकून ठेवा म्हणजे रात्रीच्या मिस्साला अर्धा तास आधी जाऊन बसता येईल, उशिरा गेलं की बाहेर मंडपात उभं राहायला लागतंय.